लाल दारावरचा चिकटा

बोट म्हणत होतं निघाला. डोळा म्हणत होता आहे. आणि बोटवाले त्या लाल गाडीच्या दारासमोर उकिडवे बसून, या दोघांत खोटं कोण बोलतंय याचा निवाडा करत सकाळपासून तिष्ठत होते.

बोटवाले हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हे. पण गाड्या धुण्याच्या त्या केंद्रात त्यांचं खरं नाव कुणाला विचाराल तर मालकसुद्धा आधी डोकं खाजवतील. गाडीवरचा जुना स्टिकर, पट्टी, जाहिरातीचा कागद, झाडाचा डिंक, रस्त्यावरचं डांबर, जे जे म्हणून रंगाला चिकटून बसतं ते रंगाला धक्का न लावता काढायचं, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं तेच. काम झालं की ते डोळे मिटायचे, उजव्या हाताची तीन बोटं त्या जागेवरून सावकाश फिरवायचे आणि म्हणायचे, "झालं." त्यानंतर त्या गाडीला कुणी भिंग लावून पाहिलं तरी काही सापडायचं नाही. म्हणून बोटवाले.

तरुणपणी ते गाड्या रंगवण्याच्या एका दुकानात होते. तिथला उस्ताद त्यांच्या डोळ्यांवर फडकं बांधायचा आणि खड्डे बुजवायची लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेल्या पत्र्यावरून हात फिरवायला लावायचा. कुठे उंच, कुठे खोल, सांग. चुकलं की टपली. सहा महिने टपल्या खाल्ल्यावर त्यांना केसाएवढा ओरखडा बोटाने कळायला लागला. उस्ताद हातमोजे घालू द्यायचा नाही. "मोजे घालून बाळाचा गाल कळतो का रे?" असं विचारायचा. बोटवाल्यांनी ते वाक्य इतकं मनाला लावून घेतलं की पुढे आयुष्यभर थिनर असो, घासलेट असो, बॅटरीचं पाणी असो, हात उघडेच. मालकांनी एकदा रबरी मोज्यांचा अख्खा खोका आणून दिला होता. बोटवाल्यांनी त्या मोज्यांत स्क्रू आणि वायसर भरून ठेवले.

अशा माणसाला एक साधा चिकटा दमवत होता.

गाडी होती एका ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंची. बावीस वर्षं त्यांनी त्या गाडीत बसून लोकांना क्लच आणि ब्रेकमधला फरक शिकवला. आता गुडघे बोलायला लागले, म्हणून शाळा बंद. गाडी भाचीला द्यायची ठरली होती. भाची दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन नव्या नोकरीच्या गावी निघणार होती. तिची एकच अट होती: "मावशी, दारावरचं ते एवढं काढून दे बाई, नाहीतर लोक मला शिकाऊ समजून हॉर्न मारतील." ते म्हणजे दारावर वीतभर उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं 'निर्धास्त शिका', आणि मागे डिकीवर 'शिकाऊ' असा मोठा गोल स्टिकर. बाई सकाळी गाडी सोडून गेल्या होत्या. पाच वाजता येते म्हणाल्या होत्या.

बोटवाल्यांनी काम नेहमीच्या शिस्तीने सुरू केलं. गाडी सावलीत घेतली, कारण तापलेल्या पत्र्यावर तेल लगेच वाळतं. दाराच्या आतल्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे तेलाचा एक थेंब लावून रंग बिघडत नाही ना ते पाहिलं. मग केस वाळवायच्या यंत्राने अक्षरं कोमट केली आणि एकेक अक्षर कोपऱ्यापासून हळूहळू सोललं. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा निघाला, खाली राहिला जुना, काळपट, मळ धरलेला चिकटा. त्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवलं. मग तेल लावून अर्धा तास नुसतं बसून राहिले. घाईत खरवडणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "डिंकाला मऊ व्हायला वेळ द्या, तो स्वतःच्या पायाने जातो," हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असत. ब्लेड, तारेची घासणी आणि थिनर ही तीन नावं त्यांच्यासमोर काढायची नाहीत असा तिथला अलिखित नियम होता.

चिकटा गोळ्या होऊन निघाला. साबणाच्या पाण्याने तेल धुतलं, मऊ कापडाने पुसलं. डोळे मिटले. तीन बोटं फिरवली. गुळगुळीत. डोळे उघडले. दारावर 'निर्धास्त शिका' जसंच्या तसं. पांढरं नाही, पण आजूबाजूपेक्षा गडद लाल, ओलं असल्यासारखं. काना, रफार, वेलांटी, सगळं जागच्या जागी.

आता इथे वाचणाऱ्याच्या मनात येईल की एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाला एवढं कळू नये? बावीस वर्षं उन्हात राहून भोवतीचा रंग विटला, अक्षरांखालचा मात्र झाकलेला, म्हणून कोरा राहिला. चिकटा गेला तरी अक्षरांची सावली मागे राहते. हे बोटवाल्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनीच हे शंभर गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं होतं. आताही पहिल्यांदा त्यांच्या मनात तेच आलं. पण रंगाची सावली आणि उरलेल्या चिकट्याचा पातळ थर दिसायला सारखेच. दोन्ही गडद, दोन्ही ओलसर. फरक सांगतं ते फक्त बोट. आणि गेले तीन महिने बोटवाल्यांचा बोटावर विश्वास राहिला नव्हता. ही खरी गोम होती, आणि ती त्यांनी जगात कुणालाही सांगितलेली नव्हती.

आधी शर्टाची बटणं हातातून निसटायला लागली. मग एकदा सुई टोचली, रक्त आलं, आणि ते त्यांना रक्त पाहून कळलं. बोटांच्या टोकांवर कुणी मेण ओतून ठेवावं तसं झालं होतं. आणि आजच सकाळी त्यांनी अंघोळीच्या बादलीत हात घातला तर हात लालबुंद. कढत पाणी होतं, वाफा येत होत्या, आणि त्यांना फक्त ओलं लागलं. ते बादलीकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले. रोज याच बादलीतल्या पाण्याने अंघोळ करतो, मग आजच हात का भाजला? बोटं एका रात्रीत इतकी गेली? काही केल्या उलगडा होईना. बायकोला विचारावं तर ती आज पहाटेच कामाला गेली होती. बोटवाले काय होणार बोटांशिवाय? नुसतेच वाले. स्वतःच्याच या विनोदावर त्यांना हसूही आलं नाही.

म्हणून त्यांनी दारावर पुन्हा तेल लावलं. पुन्हा अर्धा तास थांबले. पुन्हा धुतलं. पुन्हा डोळे मिटले. गुळगुळीत. डोळे उघडले. 'निर्धास्त शिका'.

दुसऱ्या कुणाला हात लावून बघ म्हणावं, तर एका मिनिटात निकाल लागला असता. पण बोटवाल्यांनी दुसऱ्याचं बोट मागायचं? म्हणजे हात दाखवून अवलक्षण. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. पलीकडे पंपवाला पाण्याचा फवारा मारत होता. वयाने चाळिशीचा आणि जिभेने आठ वर्षांचा. बोटवाल्यांनी त्याला सहज विचारल्यासारखं केलं, "काय रे, तिथून तुला काय दिसतं?"

"निर्धास्त शिका!" पंपवाला लांबूनच ओरडला. "काका, अजून आहे की! आज काय दारावर डुलकी लागली का?"

"तू तुझं बघ."

"मी माझंच बघतोय, तुम्हीच विचारलंत!"

झालं. इथून डोकं पुरतं चक्रावलं. दुपारी डबासुद्धा न उघडता त्यांनी तेल बदललं, फडकं बदललं, कोपऱ्यावर थोडं घासलेट लावून पाहिलं. बोटावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून फिरवली. तशाने बारीकसा कणही मोठा होऊन लागतो, हे त्यांनीच पंपवाल्याला शिकवलं होतं. पिशवीतून काहीच लागलं नाही. मग वाटलं, काही नाही म्हणून लागत नाही, की बोट मेलंय म्हणून लागत नाही? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. साडेतीन वाजले तेव्हा ते उठले, कपाटातून घासायच्या पेस्टचा डबा काढला आणि 'शिका'च्या वेलांटीवर फडक्याने गोल गोल घासायला लागले. जोर लावून. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना "घासू नका, पुसा" म्हणून सांगितलं, तो दात-ओठ खाऊन घासत होता.

थोड्या वेळाने फडकं उलटं केलं तर ते गुलाबी.

जुन्या पद्धतीचा रंग होता तो, त्यावर काचेसारखा वरचा थर नव्हता. फडक्यावर आला होता तो चिकटा नव्हे, गाडीचा रंग. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ते फडकं हातात धरून ते तिथेच फरशीवर बसले. त्यांना रडू येत होतं आणि नेमकं कशाचं येतंय हेही कळत नव्हतं.

"काय भाऊ, लवकर आले, चालेल ना?"

बाई होत्या. चार वाजले होते. एक पाय जरा ओढत त्या दारापाशी आल्या आणि बोटवाले काही बोलायच्या आत त्यांनी अक्षरांवरून सरळ तळहात फिरवला.

"अरे वा! निघालं की सगळं. गुळगुळीत लागतंय."

बोटवाले ताडकन उठले. "गुळगुळीत? नक्की? पुन्हा बघा. इथे, या 'ध'वर बघा."

"बघितलं की. काही नाहीये इथे."

"चिकट नाही?"

"अहो नाही म्हणते ना!"

बोटवाल्यांच्या तोंडावर जे हसू पसरलं ते पाहून बाई थोड्या दचकल्याच. बोट खरं बोलत होतं! सकाळपासून खरंच बोलत होतं! त्यांनी बाईंना हातवारे करकरून समजावलं की बाकीचा रंग विटलाय आणि हा झाकलेला होता. वेलांटीपाशी आपण उगाच जास्त घासलं हेही कबूल केलं आणि गुलाबी फडकं पुढे धरलं. कबूल करतानासुद्धा ते हसतच होते. "आणि मागचा 'शिकाऊ' तर मी सकाळीच काढलाय," ते म्हणाले. मळकट लाल डिकीवर तिथली सावलीही फारशी दिसत नव्हती. त्यांनी डोळे मिटले, अगदी उस्तादाच्या थाटात तीन बोटं डिकीवरून फिरवली आणि म्हणाले, "झालं."

बाई कौतुकाने बघायला पुढे वाकल्या. त्यांच्या ओढणीचं टोक डिकीला टेकलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी ओढलं तर शिवण उसवल्यासारखा बारीक आवाज आला आणि चिकट्यावर ओढणीचे चार धागे उभे राहिले.



बोटवाल्यांनी पुन्हा बोट ठेवलं. दाबलं. काही नाही. दारावर लागलं होतं तसंच, गुळगुळीत. म्हणजे दारावर बोट खरं बोललं ते कावळा बसायला आणि फांदी तुटायला. त्याला कुठेच काही कळत नव्हतं. ते सगळीकडे एकच उत्तर देत होतं.

"भाऊ," बाई हळूच म्हणाल्या, "बोटांना कळत नाही का तुमच्या?"

"छे छे, तसं काही नाही, आज जरा..."

"मी बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसलेय. ज्यांना नीट दिसत नाही अशी माणसंसुद्धा 'दिसतंय, दिसतंय' म्हणत गाडी चालवायची. मी त्यांना ओरडायची नाही. फक्त विचारायची, समोरच्या पाटीवर काय लिहिलंय?"

बोटवाल्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "नाही कळत. तीन महिने झाले." बोलल्यावर आभाळ कोसळेल असं त्यांना वाटलं होतं. पलीकडे पंपवाल्याचा पंप घरघरत राहिला, एवढंच झालं.

पुढचा अर्धा तास एक विचित्र काम चाललं. बोटवाले तेल लावत होते, पुसत होते, आणि बाई डिकीवरून हात फिरवून सांगत होत्या. "इथे अजून. थोडं वर. हां, आता डावीकडे घ्या. घाई नको." पंपवाला पंप बंद करून आ वासून बघत होता. डिकी साफ झाली. दारावरच्या सावलीचं काय करायचं हे बोटवाल्यांनी सरळ सांगितलं: भोवतीचा रंग हलक्या हाताने पॉलिश करत आणला तर फरक कमी होईल, पण ते अनेक दिवसांचं काम, आणि आज माझ्या हाताला नका देऊ.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "भाचीला सांगते उन्हात लाव. दोन उन्हाळ्यांत जाईल. तोवर कुणी हॉर्न मारले तर सावकाश चालवेल, बरंच आहे." गाडीत बसताना त्या पुन्हा थांबल्या. "मालकांना मी काही बोलणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

बोटवाले घरी पोचले तेव्हा ऊन अजून गॅलरीत होतं. बायको पाळणाघरात काम करायची. ज्या मुलांच्या आयांना उशीर होतो त्यांना ती सोबत घरी आणायची. आजही एक तान्हं बाळ सतरंजीवर पडून स्वतःच्या पायाचा अंगठा शोधत होतं, आणि ती दुधाची बाटली भरत होती.

"अगं," ते उंबऱ्यातच म्हणाले, "माझी बोटं गेली."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तीन महिने तुमच्या बादलीत गार पाणी कोण मिसळतंय? आज या बाळाची आई पहाटेच सोडून गेली, मी धावतपळत निघाले आणि पाणी राहिलं. दिवसभर जिवाला घोर. भाजलं का हो?"

बोटवाल्यांना आधी राग आला. म्हणजे सगळ्यांना माहीत, आणि आपण मात्र एवढं सांभाळून, एवढं लपवून! "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुमचं ते उस्तादाचं, बोटांचं. मी कोणत्या तोंडाने काढायचं?" तिने डोळे पुसले आणि लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उद्या आधी डॉक्टर. मग मालक. मग काय ते. बसा आता."

ते बसले. तिने बाटली उलटी करून मनगटाच्या आतल्या बाजूवर दुधाचा एक थेंब पाडला, क्षणभर थांबली आणि बाळाकडे वळली. बोटवाले बघत होते. हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं.

"मनगटावर का पाडतेस? बोटाने का बघत नाहीस?"

"बोटं दिवसभर कामं करून जाड झालेली असतात. मनगटाला खरं कळतं. एवढं माहीत नाही होय?"

"बघू इकडे," म्हणून त्यांनी बाटली घेतली आणि आपल्या मनगटावर एक थेंब पाडला. कोमट. त्यांनी तो पुसून दुसरा पाडला. कोमट. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी डोळे मिटले आणि ती बाटलीच मनगटावरून सावकाश फिरवली, बुडापासून वर, गळ्यापर्यंत. बाळ दुधासाठी कुरकुरायला लागलं.

"अहो, द्या ना, रडेल तो."

"थांब." त्यांचा हात थांबला होता. "इथे कसलं लेबल होतं?"

"होतं एक, काढलं मी गेल्या आठवड्यात. का?"

"चिकटा राहिलाय."

"काहीतरीच. घासून घासून काढलाय."

"इथे बघ."

तिने बाटली घेतली आणि त्या जागेवर बोट ठेवलं. बोट उचलताना किंचित अडलं. तिने पुन्हा ठेवून पाहिलं.

"आहे की हो," ती म्हणाली.

बोटवाले रडत होते. मध्येच नाक पुसून म्हणाले, "घासू नकोस त्याला. तेल लाव आणि थोडा वेळ थांब."